ओढ्यापलीकडची जागा

आमच्या तात्यांना कोल्हारात सगळे 'नगरवाले तात्या' म्हणतात. खरं नाव कानिफनाथ, माझे सख्खे चुलते. हे नाव गावाने दिलं असं ते सांगतात. ते त्यांनी स्वतःच गावाच्या गळी उतरवलं असं माझं मत आहे. नागापूरच्या एमआयडीसीतली त्यांची कंपनी बंद पडली आणि ते काकूला घेऊन गावी परत आले, त्याला वीस वर्षं उलटून गेली. तरी बोलायला लागले की 'आमच्या नगरला' हे पहिलं. बनियन हवा तर कापडबाजारातला. चष्म्याची काडी मोडली तर नगरला जाणाऱ्या कुणाच्या तरी हातात चष्मा द्यायचा आणि आठवडाभर आंधळ्यासारखं चाचपडत बसायचं, पण काडी राहात्याला बसवायची नाही. सरकारने पाट्यांवर नाव बदललं तेव्हा गावातल्या एकाने त्यांना विचारलं, की आता तुम्ही कुठले वाले म्हणायचे. तात्या दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

कोल्हारातून कुणी दवाखान्याला, कोर्टाला नगरला निघालं, की त्याने आधी तात्यांच्या ओट्यावर येऊन जायचं अशी पद्धतच पडली होती. नाही आला तर तात्या त्याला स्टँडवर गाठायचे. दिल्लीगेटातून आत शिर, डाव्या हाताला रसवंती लागेल, तिथून तिसरा बोळ सोड, असं सुरू झालं की समोरच्याची एसटी निघून जायची. ती रसवंती कधीच उठली, हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. पोरं मोबाईल काढून म्हणायची, तात्या, यात सगळा रस्ता येतो. तात्या त्या मोबाईलकडे असे बघायचे, की पोरं तो मुकाट्याने खिशात घालायची.

गंमत अशी, की स्वतः नगरला जायला ते कधी तयार नसत. माझ्या लग्नाचा बस्ता नगरला बांधायचं ठरलं तेव्हा ते आदल्या दिवशी कंबर धरून झोपले. कुणा नातेवाइकाला भेटायला चला म्हटलं, तर कांद्याला पाणी द्यायचं निघायचं. आम्ही हसायचो. नगरचं कौतुक लांबूनच बरं वाटतंय म्हातार्‍याला, असं माझे वडील म्हणायचे. मीही हसायचे. त्या टाळाटाळीमागे काही असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

तरुणपणी ते नगरला गेले ते पोटासाठी. शेत दोन भावांना पुरेना, तेव्हा ते माझ्या वडिलांच्या हवाली करून तात्या एमआयडीसीत लागले आणि हळूहळू लेथवर टर्नर झाले. बोल्हेगावात पत्र्याच्या चाळीत एक खोली घेतली, लग्न केलं, साळूकाकूला घेऊन गेले. एक सायकल होती. सुट्टीच्या दिवशी मागच्या कॅरिअरवर काकूला बसवायचं आणि सारं नगर फिरवून आणायचं. किल्ल्याचा खंदक, माळीवाड्याचा गणपती, कापडबाजार, जिथे भजी खाल्ली ते हॉटेल. काकू नगरमध्ये इतकी वर्षं राहिली, पण तिने ते सगळं तात्यांच्या पाठीआडून पाहिलं. एकटी ती पिठाच्या गिरणीपलीकडे कधी गेली नाही.

काकूला मूल नाही हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. गावालाच माहीत होतं. आमच्याकडे अशा बाईला कुणी तोंडावर काही बोलत नाही. फक्त डोहाळजेवणाला तिच्या हातात ओटीचं ताट द्यायचं नाही, पाळण्याची दोरी तिच्याकडे जाऊ द्यायची नाही, आणि ती स्वयंपाकघरात भांडी घासत बसली तर 'अगं, तू कशाला' एवढं म्हणायचं आणि घासू द्यायची. काकूने या सगळ्याची इतकी सवय करून घेतली होती, की कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच ती आपणहून मागे सरायची.

माझ्या मुलीचं बारसं होतं त्या दिवशी तिने पाळण्याला फुलांची माळ बांधायला घेतली. माझ्या आत्याने ती माळ हळूच काढून घेतली आणि दुसरीच्या हातात दिली. मला राग आला, पण मी ओली बाळंतीण, गादीवर बसून काय करणार. संध्याकाळी बायका पांगल्यावर काकू माझ्या खोलीत आली, पोरीच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "मला बी झाल्ती पोरगी. नगरला."

मला वाटलं, हिला काहीतरी भास होतोय. मग तिने सांगितलं. काकूची आई लहानपणीच वारलेली, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता बोल्हेगावच्या त्या खोलीतच झालं. मदतीला तिचा भाऊ पुंजाराम येऊन राहिला होता. पोरगी चांगली गुटगुटीत होती. पुंजारामाने बारशासाठी पाळणा भाड्याने आणून ठेवला होता. तेवढ्यात पोरीचं अंग पिवळं पडलं, डोळे पिवळे झाले, आणि दवाखान्यात नेईपर्यंत खेळ आटोपला. नाव ठेवायचं राहिलं ते राहिलंच. नंतर काकूची कूस उजवली नाही.

एवढं लहान मूल जाळत नाहीत, पुरतात. आणि बायका तिकडे जात नाहीत. त्यातून ही बाळंतीण, सोयरात बसलेली, उंबऱ्याबाहेर कशी येणार? तात्यांनी पोरीला टॉवेलात गुंडाळून उचललं. बरोबर पुंजाराम आणि चाळीतला एक शेजारी. तासाभराने तिघे परत आले, दारात पाय धुतले आणि आत येऊन बसले. कुठं ठेवली, एवढंच काकूने विचारलं. तात्या म्हणाले, ओढ्याच्या पलीकडं, चिंचेखाली. तिसऱ्या दिवशी तिथे दूध घालून यायचं असतं. तात्यांना कंपनीने सुट्टी दिली नाही म्हणून पुंजाराम एकटाच जाऊन आला. इकडे काकूचं दूध काही थांबेना. शेजारणीने तिची छाती धडप्याने करकचून बांधली होती, ते सांगताना तिचा हात आपोआप तिथे गेला.

"मला एकदा बघायची हाय ती जागा," काकू म्हणाली. "ह्यांला म्हनते, तर म्हनत्यात, दाखवीन की. मला ठावं हाय सगळं, कुटं पळून जातीय का जागा."

मला त्या रात्री झोप आली नाही. पोर पोटात वाढवली हिने, आणि ती कुठे आहे हे माहीत तीन बाप्यांना. कोल्हारात ते पोर कुणी पाहिलं नव्हतं. त्या काळी निरोप पोचेपर्यंत सगळं संपलेलं, आणि नंतर तो विषय काढायचा नाही असं ठरून गेलेलं. ती होती याला साक्ष म्हणून जगात एवढीच एक जागा शिल्लक होती, आणि ती आमच्या नगरवाल्या तात्यांच्या डोक्यात होती. मी दुसऱ्या दिवशी तात्यांना स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, पाऊस सरू दे, नेतो तिला. पाऊस किती वेळा सरला. पुंजाराममामा वारला. तो शेजारी तर केव्हाच त्याच्या गावी निघून गेला होता, कुठल्या गावी ते कुणाला ठाऊक नाही.

मागच्या वर्षी काकूच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. आम्ही त्याला मोतीबिंदू समजत बसलो आणि वेळ घालवला. एक डोळा गेला, दुसऱ्याने फक्त समोरचा मोठा आकार कळायचा. माणूस आहे हे दिसायचं, कोण आहे ते आवाजावरून. जवळ लोणीला जाऊ म्हटलं, तर तात्यांनी या वेळीही नगरचाच डॉक्टर धरला, आणि पहिल्यांदाच स्वतः बरोबर यायला निघाले. मला नवल वाटलं. मी राहात्याच्या पतसंस्थेत नोकरी करते, सुट्टी टाकली आणि माझी जुनी अल्टो काढली. काकू मागच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसली. पिशवीत काय आहे ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सावेडीतल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. सगळं नीट तपासून त्यांनी सांगितलं, की गेलेली नजर परत येत नाही आणि राहिलेलीही हळूहळू जाणार. थेंब चालू ठेवा, घरात सांभाळून वावरा. काकूने एकच विचारलं, की किती दिवस दिसेल. नक्की सांगता येत नाही, काही महिने, असं उत्तर मिळालं. काकूने मान डोलावली आणि चपला शोधायला लागली.

गाडीत बसल्यावर तिने सांगून टाकलं, की घरी नंतर, आधी ती जागा. तात्या म्हणाले, ऊन फार झालंय, पुढच्या वेळेला निवांत येऊ.

"पुढच्या येळेला आले तर काय दिसनार मला?" काकू म्हणाली.

यावर तात्यांकडे कांदाही नव्हता आणि कंबरही नव्हती. ते पुढे माझ्या शेजारी बसले होते. समोर बघतच म्हणाले, चल, दाखवतो.

मनमाड रस्त्याला लागून सरळ गेलं की बोल्हेगाव फाटा, आमच्या परतीच्या वाटेवरच. पण तात्यांना त्यांचा सायकलचा रस्ता हवा होता, शहरातून, नालेगावावरून. मी नको म्हटलं. ते म्हणाले, मी नगर बघितलंय का तू? मग घाला म्हटलं गोंधळ, आणि गाडी वळवली. इथे डावीकडे, म्हणाले, तर तिथे एकेरी वाहतूक. टॉकीजपाशी उजवीकडे, म्हणाले, तर टॉकीजच नाही. पुढे उड्डाणपूल आला. तात्यांनी तो कधी बघितलेला नव्हता. वरून जायचं का खालून, मी विचारत राहिले. शेवटी आम्ही एका पेट्रोलपंपासमोरून दुसऱ्यांदा गेलो. तात्यांनी तो ओळखला आणि हा माळीवाड्याचा पंप, आता लागली वाट, असं मोठ्याने म्हणाले. तो पंप मघाचाच होता, आणि माळीवाडा तिथून लांब राहिला होता. मागून काकू म्हणाली, "मोनिका, ह्यांला बोलू नगंस." मी एक शब्द बोलले नव्हते. माझ्या गिअर टाकण्यावरून तिला कळलं असावं.

मी मोबाईलवर नकाशा लावला. बाई बोलायला लागली, दोनशे मीटरवर उजवीकडे वळा. तात्यांनी मान फिरवून खिडकीबाहेर बघितलं. त्या बाईने आम्हाला बोल्हेगाव फाट्यावर आणून सोडलं आणि आपण पोचलो आहोत असं जाहीर करून गप्प झाली. पुढचं तिला काय विचारणार? ओढ्यापलीकडची चिंच असं कुठे टाइप करायचं?

फाटा बघून तात्या म्हणाले, हा न्हवं. वर पाटी होती, दुकानांवर नाव होतं, तरी ते मानेनात. त्यांच्या डोळ्यांपुढचा फाटा म्हणजे एक बाभूळ, एक पानटपरी आणि बाजरीची रानं. इथे बंगले, रो-हाउस, जिम, पाणीपुरीच्या गाड्या. आम्ही आत शिरलो. त्यांची चाळ होती तिथे, म्हणजे असावी तिथे, तीन मजली इमारत उभी होती. तात्या खाली उतरले, इमारतीभोवती फिरून आले, आणि मागच्या बाजूची विहीर ओळखली. तिच्यावर लोखंडी जाळी टाकली होती. चेहरा जरा उजळला त्यांचा. काकूला म्हणाले, आपली विहीर हाय इथं. काकूने खिडकीतून तिकडे तोंड केलं. तिला विहीर दिसली नसणार.

विहिरीपासून ओढा पाच मिनिटांवर, असं म्हणून त्यांनी मला गल्लीतून गल्लीत घातलं. ओढा काही येईना. एका वळणावर मोकळा प्लॉट होता, कोपऱ्यात कडुनिंब, खाली बांधकामाची खडी. मी विचारलं, हा तर नाही? त्यांनी नीट बघितलं आणि म्हणाले, ही न्हवं, ही लई अलीकडं. पुढे एका पिठाच्या गिरणीवर मच्छिंद्र नावाचे साठीचे गृहस्थ भेटले, जन्मापासून तिथलेच. तात्यांनी त्यांना विचारलं, की ओढा कुठे गेला. ते म्हणाले, कुठला ओढा? दोन होते. एक पाइपात घालून वर रस्ता केला, दुसऱ्याची गटार झाली. आणि चिंच? चिंचा तर रगड होत्या. प्लॉट पडले तेव्हा तोडल्या, तुम्हाला कुठली पाहिजे? तात्या सांगेनात. गिरणीवाले हसून म्हणाले, अहो, प्लॉट घ्यायचाय का, सरळ बोला ना.

खरं ते तात्यांना बोलता येत नव्हतं, आणि ते मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. लोकांनी पोटाला चिमटा घेऊन घरं बांधलेली. दारात रांगोळ्या, गॅलरीत पोरांचे कपडे वाळत घातलेले. अशा माणसाला कसं विचारायचं, की तुमच्या घराखाली माझं मूल पुरलेलं असेल का? हाकलून देईल तो, आणि त्याचं काही चुकणार नाही. म्हणून तात्या ओढा विचारत होते, चिंच विचारत होते, कंपनीची जुनी मागची भिंत विचारत होते, आणि ज्याच्यासाठी आलो ते सोडून सगळं विचारत होते. लोक ज्याला त्याला आठवेल ते सांगत होते आणि प्रत्येकाची चिंच वेगळीकडे होती.

ऊन चढलं. मी गाडी सावलीला लावली. तात्या म्हणाले, मी चालत बघून येतो, पायांना आठवंल. आपला साधा मोबाईल सीटवर टाकून गेले. काकू आणि मी बसून राहिलो. तिने पिशवीतून पाण्याची एक बाटली काढून मांडीवर घेतली, तेव्हा मला दिसलं की आत पाणी नाही, दूध आहे. पहाटे आमच्या गाईचं काढलेलं. काकू म्हणाली, की त्या वेळी पुंजारामाने जे नेलं ते डेअरीचं होतं.

तात्या परत येईनात. अर्धा तास झाला असेल, जास्तही. काकूला गाडीत बसवून मी निघाले. सगळ्या गल्ल्या सारख्या, सगळी घरं एकाच साच्यातली, दारांचा रंग तेवढा वेगळा. दोन-चार जणांना विचारलं, पांढरी टोपी, उंच, जरा वाकून चालणारे. शेवटी एका बोळाच्या तोंडाशी दिसले. दोन रो-हाउसच्या मधे उभे होते, एका गेटचा गज धरून. मला बघूनही त्यांनी गज सोडला नाही. गाडी कुठे आहे ते त्यांना सांगता येत नव्हतं. कुठल्या बाजूने आलो तेही. घरमालकीण दारात येऊन संशयाने बघत होती. मी तिला हात जोडले, तात्यांचा दंड धरला आणि चालायला लागले.

चालता चालता मी चिडून बोलले. मी गोड स्वभावाची नाही. म्हटलं, एवढं नगर नगर करता जन्मभर, आणि ही एक जागा लक्षात राहिली नाही तुमच्या? इथे इतकी वर्षं राहत होतात तेव्हा तरी एकदा दाखवायची होती तिला.

तात्या थांबले. म्हणाले, "मीच न्हाई गेलो परत. माती दिल्यावर मागं वळून बघायचं नसतंय. न्हाई बघितलं. जाताना मान खाली घालून गेल्तो, पुंजाराम पुढं हुता, त्याच्या टाचा दिसत हुत्या. येताना तोंड फिरवून आलो. चिंच हुती म्हनून त्योच म्हनला. मला चिंच बी आठवत न्हाई, मोनिका."

त्या चाळीत ते नंतर कितीतरी वर्षं राहिले. ओढ्याच्या बाजूला त्यांनी सायकल कधी घातली नाही. सगळं नगर पालथं घातलं, कोपरा न् कोपरा पाठ केला, तेवढा एक सोडून. जे करायचं नसतं ते त्यांनी केलं नाही, वडीलधाऱ्यांनी सांगितलं तसं वागले, आणि बायकोला मात्र सांगत राहिले, की मला ठाऊक आहे. मला त्यांची दया येत होती आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. दोन्ही एकदमच.

गाडीशी आलो. काकूने पायांच्या आवाजावरून ओळखलं आणि विचारलं, घावली का? मी तात्यांकडे बघितलं. तात्या म्हणाले, घावली. चल.

ते पुढे बसले आणि हाताने खुणा करून मला रस्ता दाखवायला लागले. मी गाडी चालवत राहिले. थांबव म्हणाले तो मघाचाच मोकळा प्लॉट होता, कडुनिंबाचा. ही न्हवं, असं त्यांनीच सांगितलेला. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, असू दे. हिला एक झाड दिसेल, सावली दिसेल, दूध ओतेल, मन निवेल. कुणाचं काय बिघडणार आहे? मी दार उघडून काकूला हात दिला.

ती कडुनिंबाखाली आली. खडी पायाला टोचत होती तरी चपला तिने लांबच काढून ठेवल्या. खाली बसली आणि दोन्ही तळहात जमिनीवर टेकवले. हळूहळू फिरवले. खडी बाजूला सारून मातीपर्यंत बोटं नेली. समोरच्या घरातून कुकरची शिट्टी झाली. रस्त्याने एक टेम्पो गेला. काकूचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. माझ्या मुलीच्या बारशाच्या दिवशीसुद्धा, माळ काढून घेतल्यावरसुद्धा, त्यावर काही उमटलं नव्हतं. आता सगळं उमटत होतं. तिने बाटली जवळ घेतली, झाकण फिरवलं, आणि मान वर करून तात्यांच्या आकाराकडे बघत विचारलं, "डोकं कुनीकडं केल्तं तिचं?"

दूध तोंडाकडे घालायचं असतं. साधा प्रश्न. दक्षिणेला डोकं करतात हे कोल्हारातला कुठलाही म्हातारा झोपेत सांगेल. तात्या कितीतरी मयतींना पुढे होऊन उभे राहिलेले. त्यांनी नुसतं बोट दाखवलं असतं तरी झालं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, सांगा, तात्या, काहीही सांगा.

तात्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"साळू, मला ठावं न्हाई," ते म्हणाले.

"डोकं?"

"जागाच. ही ती न्हवं. ती कुटं हाय, मला ठावं न्हाई. कदीच न्हवतं."

काकू रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. बाटलीचं झाकण चाचपून शोधलं, परत लावलं आणि घट्ट फिरवलं. बाजूला सारलेली खडी पुन्हा होती तशी ओढली. पुंजारामालाच तेवढं ठाऊक होतं म्हणायचं, असं काहीसं पुटपुटली. मी तिला उठवायला वाकले, तर तिने माझा हात बाजूला केला. तिला अजून विचारायचं होतं.

"ती हुती, येवडं तरी ठावं हाय ना तुमाला?"

तात्यांना आवाज फुटेना. त्यांनी मान हलवली, हो म्हणून, दोनदा, तीनदा. काकूला ते दिसत नव्हतं. ती तोंड वर करून उत्तराची वाट बघत तशीच बसून राहिली.